रेघेचे वेगळे

पाणीगेटच्या पुढे जेठाभाई सलाटाचं अंगण.
भिंतीला टेकलेले कोरे दगड,
शिक्षा झालेल्या पोरांसारखे.
अक्षराचे साठ, तो म्हणाला,
जोडाक्षर एकच धरतो, मेहनत दुप्पट असली तरी.
आणि आमच्या गुजरातीला डोक्यावर रेघ नसते, बेन,
तुमच्या मराठीला लागते,
तर रेघेचे वेगळे.

नाव झालं: सगुणा शमुवेल भिंगारदिवे.
तारखा झाल्या. जन्माची अंदाजे,
मिशनची ती वही वाळवीने खाल्ली.
उरली एक ओळ.

रूबेन म्हणाला, देव येशूच्या कुशीत.
अमोस म्हणाला, देवपुत्र येशूच्या कुशीत.
जेठाभाईने बोटांवर मोजलं:
दोन अक्षरं. एकशे वीसचा फरक.

आमच्या घरात तो फरक सोळा वर्षांचा होता.
अमोस फतेहगंजच्या देवळातून उठला
आणि गोरव्यातल्या एका भाड्याच्या खोलीत जाऊन बसू लागला,
जिथे क्रूस नाही, नाताळही नाही,
त्या सालापासून आई करंज्या
बावीस तारखेला तळायची,
त्याला त्या नुसत्या करंज्या म्हणून
खाता याव्यात.

पुत्र तर तो आहेच, रूबेन म्हणाला,
पण तू तो शब्द वजाबाकीला वापरतोस.
मी काही वजा करत नाही, दादा.
त्या रात्री बागेत गुडघे टेकून
तो कुणाशी बोलत होता? स्वतःशीच?
आणि थोमा जखमेत बघून जे बोलला ते?
तेव्हा त्याने थोमाला गप्प केलं?
आई त्याला हाक मारायची.
त्याच्या नावाने मारायची, त्याला नाही.
तू होतास का तिथे रोज सकाळी?
तू होतास?

छिन्नी थांबलेली. शेजारच्या दगडावर
कुणा पटेलांच्या वडिलांचं अर्धं नाव.
दोघांच्या केसांत, भुवयांत संगमरवराचं पीठ,
एकाएकी दोघे आमच्या बापासारखे म्हातारे,
आणि एकमेकांसारखे.

मला कुणी विचारलं नाही.
मीही सांगितलं नाही की शेवटच्या रात्री
सयाजी हॉस्पिटलच्या त्या खाटेवर
रूबेन औषधं आणायला गेलेला,
अमोस खाली स्कूटरवर बसलेला,
तेव्हा आईने डोळे न उघडता विचारलं,
आलास का?

आलास. एवढंच.
मी दाराकडे पाहिलं, दारात कुणी नव्हतं.
तिच्या आवाजात भीती नव्हती,
होती थोडी तक्रार, उशीर करणाऱ्या पोरावर असते तशी,
आणि मग ती जरा सरकली, कडेला,
कुणाला बसायला जागा करावी तशी.

कुणासाठी सरकली?
हे मी रूबेनला सांगितलं तर तो म्हणेल, बघ.
अमोसला सांगितलं तर तोही म्हणेल, बघ.
म्हणून ते माझ्याकडेच राहू दिलंय.

जेठाभाईने चहा मागवला. बशीत ओतून प्यायला.
मग म्हणाला, बेन, तुमचं ठरेपर्यंत बाकीची अक्षरं मारतो,
त्या दोघांची जागा सोडतो.
रेघ तर काढून टाकू?
काढा, म्हटलं.

रेघ कुठे तोडायची त्याला ठाऊक नव्हतं.
त्याने ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत
न थांबता ओढली.

पाच वर्षं झाली. दगड तसाच उभा आहे.
देव, मग रेघेखाली दोन अक्षरांएवढी मोकळी जागा,
मग येशूच्या कुशीत.
रूबेन रविवारी उपासनेनंतर येतो,
अमोस कधीतरी बुधवारी, कामावरून.
दोघेही कपड्याने ती पुसतात. मोकळी जागासुद्धा.
मागच्या श्रावणात तिथे एक गोगलगाय
तीन दिवस चिकटून होती,
तिला दोघांपैकी कुणीच काढलं नाही.

एकशे वीस रुपये माझ्या पाकिटात आहेत.
एक शंभराची, एक विसाची.
मधल्या काळात विसाची नोट बदलली,
रंग वेगळा आला.
मी जुनीच ठेवलीय.